नियमितता चाचणी (मोटार क्रीडा)

नियमितता चाचणी हा मोटार क्रीडेचा एक प्रकार आहे. या स्पर्धेत सर्वांत कमी वेळात अंतर कापणारा चालक नव्हे, तर ठरलेल्या वेळेशी सर्वांत कमी तफावत राखणारा चालक विजयी ठरतो. बंदिस्त सर्किटवरील नियमितता चाचणीत प्रत्येक चालक स्वतःच्या एका संदर्भ वेळेशी स्पर्धा करतो आणि तीच वेळ पुढील फेऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा साधण्याचा प्रयत्न करतो. त्यामुळे जुनी व नवी, कमी व अधिक शक्तीची वाहने एकाच स्पर्धेत उतरू शकतात. दैनंदिन वापराची, रस्त्यावर चालवण्यास परवानगी असलेली स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या हौशी चालकांमध्ये हा प्रकार विशेष रूढ आहे. जर्मनी, इटली आणि ऑस्ट्रेलिया येथे तो मोठ्या प्रमाणावर खेळला जातो. जर्मन भाषेत त्यास ‘ग्लाइशमेसिशकाइट्सप्रूफुंग’ म्हणतात व ‘जीएलपी’ हे त्याचे लघुरूप वापरले जाते.

इतिहास

मोटारगाडीच्या स्पर्धेत वेग हा एकमेव निकष नसावा, ही कल्पना मोटार क्रीडेइतकीच जुनी आहे. २२ जुलै १८९४ रोजी फ्रान्समध्ये झालेल्या पॅरिस–रुआँ स्पर्धेत वाहन सुरक्षित, हाताळण्यास सोपे आणि कमी खर्चाचे असावे, हे निकष होते. काउंट द दियों यांचे वाफेवर चालणारे वाहन सर्वप्रथम पोहोचले. परंतु ते या निकषांत न बसल्याने पहिले पारितोषिक पूजो आणि पानार–लव्हासॉर या कंपन्यांना विभागून देण्यात आले. ब्रिटनमध्ये १९०० साली झालेली ‘थाउजंड माइल्स ट्रायल’ ही हजार मैलांची चाचणीही शर्यत नव्हती. मोटारगाडी हे भरवशाचे वाहन आहे, हे जनतेस पटवून देणे हा तिचा हेतू होता. अशा स्पर्धांना ‘विश्वसनीयता चाचणी’ म्हटले जाई. आजची नियमितता चाचणी याच परंपरेतून आली आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतींमध्ये झालेल्या अपघातांमुळे या प्रकारास नव्याने महत्त्व आले. इटलीतील ब्रेशा–रोम–ब्रेशा या सुमारे १,६०० किलोमीटर मार्गावरील ‘मिल्ले मिल्या’ ही शर्यत १९२७ पासून होत असे. १९५७ साली ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागो यांच्या फेरारीचा टायर फुटून झालेल्या अपघातात ते स्वतः, त्यांचे सहचालक आणि नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर ही शर्यत मूळ स्वरूपात बंद झाली. १९७७ साली तिचे पुनरुज्जीवन झाले, ते ऐतिहासिक मोटारगाड्यांची नियमितता स्पर्धा म्हणून. एकेकाळी शर्यतीत धावलेल्या गाड्या पुन्हा त्याच मार्गावर आल्या, परंतु विजयाचा निकष बदलला.

स्वरूप व नियम

रस्त्यावरील नियमितता स्पर्धेत आयोजक सरासरी वेग ठरवून देतात आणि सहचालक मार्ग व वेळ यांचा हिशेब ठेवतो. सर्किटवरील चाचणीत मार्ग शोधायचा नसतो. एकच फेरी त्याच गतीने पुन्हा पुन्हा पूर्ण करायची असते. संदर्भ वेळ ठरवण्याच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

• घोषित वेळ : सराव सत्रानंतर चालक स्वतःची फेरीची वेळ लेखी कळवतो. ऑस्ट्रेलियातील क्लबांच्या स्पर्धांत ही पद्धत प्रचलित आहे.
• संदर्भ फेरी : स्पर्धेतील एक ठरावीक फेरी संदर्भ मानली जाते व पुढील ‘पुष्टी फेऱ्या’ तिच्याशी ताडून पाहिल्या जातात. जर्मनीतील जीएलपी स्पर्धांत ही पद्धत आढळते.
• आयोजकांनी दिलेली वेळ : वाहनाच्या गटानुसार आयोजक लक्ष्य वेळ ठरवून देतात.

प्रत्यक्ष वेळ आणि संदर्भ वेळ यांतील फरकास दंडगुण दिले जातात व सर्वांत कमी दंडगुण मिळवणारा स्पर्धक जिंकतो. काही नियमावलींत संदर्भ वेळेपेक्षा लवकर येण्यास उशिरा येण्यापेक्षा अधिक दंड असतो, जेणेकरून मुद्दाम संथ वेळ घोषित करून नंतर वेग वाढवण्याचा मोह होऊ नये. अंतिम रेषेपूर्वी गाडी थांबवून किंवा फार हळू चालवून वेळ जुळवणे हा गैरप्रकार मानला जातो. ते धोकादायकही असते, कारण मागून पूर्ण वेगाने गाड्या येत असतात. गाडीतील घड्याळ किंवा वेळ दाखवणारे उपकरण वापरण्याबाबतचे नियम स्पर्धेनुसार बदलतात. काही ठिकाणी त्यांना परवानगी असते, तर काही ठिकाणी ती झाकून अथवा काढून ठेवावी लागतात. वेळेची नोंद सहसा गाडीला जोडलेल्या ट्रान्सपाँडरद्वारे स्वयंचलितपणे होते.

गुणांकनाचे उदाहरण

जर्मनीच्या आयफेल प्रदेशातील न्युर्बुर्गरिंग सर्किटचा नॉर्डश्लाइफे हा जुना मार्ग २०.८३२ किलोमीटर लांबीचा आहे. तेथे दोन चालकांनी पुढीलप्रमाणे फेऱ्या पूर्ण केल्या, असे समजू.

• चालक ‘अ’ : संदर्भ फेरी १० मिनिटे २४.३ सेकंद. पुष्टी फेऱ्या १० मिनिटे २५.१ सेकंद, १० मिनिटे २३.६ सेकंद आणि १० मिनिटे २४.९ सेकंद. तफावत अनुक्रमे ०.८, ०.७ व ०.६ सेकंद, एकूण २.१ सेकंद.
• चालक ‘ब’ : संदर्भ फेरी ९ मिनिटे २.५ सेकंद. पुष्टी फेऱ्या ९ मिनिटे ६.० सेकंद, ९ मिनिटे १.१ सेकंद आणि ९ मिनिटे ८.४ सेकंद. तफावत अनुक्रमे ३.५, १.४ व ५.९ सेकंद, एकूण १०.८ सेकंद.

संदर्भ फेरीत ‘अ’चा सरासरी वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर, तर ‘ब’चा सुमारे १३८ किलोमीटर आहे. ‘ब’ दर फेरीत एक मिनिटाहून अधिक वेळ वाचवत असला, तरी स्पर्धा ‘अ’ जिंकतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर अंतर कापते. म्हणजेच जवळपास २१ किलोमीटरच्या फेरीत एक दशांश सेकंदाची अचूकता साधण्यासाठी अंतिम रेषेवर केवळ तीन-साडेतीन मीटरच्या फरकाने पोहोचावे लागते.

कौशल्य

समान वेळेच्या फेऱ्या पूर्ण करणे वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात परिस्थिती दर फेरीला बदलत असते. पहिल्या फेऱ्यांत टायर थंड असतात. ते तापल्यावर पकड सुधारते आणि अतितापल्यावर पुन्हा घटते. इंधन कमी होते तशी गाडी हलकी होते. नॉर्डश्लाइफेसारख्या लांब मार्गावर एका भागात ऊन आणि दुसऱ्या भागात पाऊस असू शकतो. इतर गाड्यांमुळे व पिवळ्या झेंड्यामुळे गमावलेला वेळ सुरक्षितपणे कोठे भरून काढायचा, याचा निर्णय चालकास गाडी चालवतानाच घ्यावा लागतो.

अनुभवी स्पर्धक यासाठी आपल्या सर्वोच्च वेगापेक्षा थोडा कमी वेग निवडतात. त्यामुळे अडथळा आल्यास वेळ भरून काढण्यास वाव राहतो. वळणापूर्वी ब्रेक लावण्याची जागा, गिअर बदलण्याची जागा आणि वळणातून बाहेर पडण्याची रेषा ते कायम ठेवतात. मार्गाकडेच्या ठळक खुणांजवळ किती वेळ झालेला असावा, हेही ते लक्षात ठेवतात.

वाहने व पूर्वतयारी

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी, १९६३ साली प्रथम सादर झालेली पोर्श ९११ आणि १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५ या हौशी चालकांच्या पसंतीच्या गाड्यांपैकी आहेत. संदर्भ वेळ ज्याची त्याची असल्याने जुन्या गाडीच्या मालकास महागड्या सुधारणांची गरज भासत नाही. दुर्मीळ गाडीचे मूळ भाग जपू इच्छिणाऱ्यांनाही हा प्रकार सोयीचा ठरतो.

तरीही रस्त्यावर सुस्थितीत असलेली गाडी सर्किटसाठी तयार असतेच असे नाही. मुख्य प्रश्न ब्रेकचा असतो. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. हवेतील आर्द्रता शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. वारंवार जोराने ब्रेक लावल्यास जुने ऑइल उकळू लागते, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ब्रेकचे पेडल दाबूनही गाडीचा वेग पुरेसा कमी होत नाही. म्हणून स्पर्धेपूर्वी ब्रेक ऑइल बदलणे, ब्रेक पॅडची जाडी, टायरची स्थिती व हवेचा दाब तपासणे, गाडीतील सुटे सामान काढून ठेवणे आणि गाडी ओढण्याचा हूक उपलब्ध असणे आवश्यक मानले जाते. स्पर्धेच्या दिवशी तांत्रिक निरीक्षक वाहनाची तपासणी करतात. हेल्मेट सक्तीचे असते.

सुरक्षा

एकाच वेळी भिन्न वेगाच्या अनेक गाड्या मार्गावर असल्याने ओलांडून जाण्याचे नियम काटेकोर असतात. शर्यतीप्रमाणेच झेंड्यांच्या खुणा वापरल्या जातात : पिवळा झेंडा पुढे धोका असल्याची व ओलांडून न जाण्याची, निळा झेंडा मागून वेगवान गाडी येत असल्याची, तर लाल झेंडा सत्र थांबवल्याची सूचना देतो. स्थानासाठी झुंज नसल्यामुळे वळणावर एकमेकांना अडवण्याचे किंवा शेवटच्या क्षणी ब्रेक लावण्याचे कारण उरत नाही. मात्र सर्किटचे मूळ धोके तसेच राहतात. १८ जून १९२७ रोजी खुल्या झालेल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेवर १ ऑगस्ट १९७६ रोजी फॉर्म्युला वन विश्वविजेते निकी लाउडा गंभीररीत्या भाजले; त्यानंतर त्या मार्गावर फॉर्म्युला वन शर्यत झाली नाही. हौशी चालक आजही त्याच मार्गावर गाडी चालवतात.

कायदेशीर स्थिती व विमा

नियमितता चाचणी ही शर्यत आहे की नाही, हा प्रश्न केवळ व्याख्येचा नाही. अपघातानंतर नुकसानभरपाई कोणी द्यायची, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. जर्मनीतील वाहन विम्याच्या प्रचलित अटींनुसार, कमाल वेग गाठणे हा ज्यांचा उद्देश आहे अशा मोटार क्रीडा स्पर्धा व त्यांचा सराव यांतील नुकसान विमासंरक्षणातून वगळलेले असते. नियमितता चाचणीचा उद्देश कमाल वेग हा नसल्याने ती या अपवादात मोडत नाही, असा युक्तिवाद केला जातो. याउलट, चालक आपल्या क्षमतेच्या जवळपास वेगाने गाडी चालवत असतील, तर स्पर्धेचे नाव काहीही असले तरी ती शर्यतच ठरते, असा प्रतिवाद असतो. विम्याच्या करारातील शब्दयोजना कंपनीनुसार बदलते. काही करारांत सर्किटवरील सर्वच वापर वगळलेला असतो.

स्पर्धकांनी एकमेकांच्या गाड्यांचे नुकसान केल्यास काय, यावर जर्मनीच्या संघराज्य सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली महत्त्वाचा निर्णय दिला. लक्षणीय धोका असलेल्या क्रीडास्पर्धेत भाग घेणारी व्यक्ती, गंभीर नियमभंग झाला नसल्यास, विमासंरक्षण नसलेल्या नुकसानीची भरपाई सहस्पर्धकाकडून मागू शकत नाही, असे तत्त्व त्यात मांडले गेले. २००८ साली याच न्यायालयाने स्पष्ट केले की, नुकसान करणाऱ्याकडे दायित्व विमा असल्यास हा अपवाद लागू होत नाही.

युरोपीय संघात २०१४ च्या ‘व्हनुक’ निकालाने हा विषय व्यापक झाला. स्लोव्हेनियातील एका शेतावरील ट्रॅक्टरच्या अपघातासंबंधीच्या या प्रकरणात, वाहनाच्या नेहमीच्या कार्याशी सुसंगत अशा कोणत्याही वापरास सक्तीचा विमा लागू होतो, असे न्यायालयाने म्हटले. याच अर्थाने बंदिस्त सर्किटवरील मोटार क्रीडाही सक्तीच्या विम्याखाली येण्याची शक्यता निर्माण झाली. २०२१ च्या सुधारित निर्देशानुसार, सीमांकित जागेतील मोटार क्रीडा त्यातून वगळता येते. मात्र प्रेक्षकांसह त्रयस्थ व्यक्तींच्या नुकसानीसाठी आयोजकाने अथवा अन्य पक्षाने पर्यायी विमा किंवा हमी घेतलेली असावी लागते. सहभागी चालक व त्यांची वाहने त्या पर्यायी विम्यात असलीच पाहिजेत, असे बंधन नाही. परिणामी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची जोखीम बहुधा मालकावरच राहते.

भारतातील स्थिती

भारतात नियमिततेचे तत्त्व प्रामुख्याने रस्त्यावरील ‘टाइम–स्पीड–डिस्टन्स’ अर्थात टीएसडी रॅलींमधून परिचित आहे. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने मार्ग पूर्ण करणे आणि गुप्त तपासणी नाक्यांवर अचूक वेळी पोहोचणे, हे तिचे स्वरूप असते. लवकर किंवा उशिरा पोहोचल्यास दंडगुण मिळतात. १९१९ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनने महिलांसाठी भरवलेली रॅली याच प्रकारची आहे. सर्किटवरील मोटार क्रीडेसाठी चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै, कोइंबतूरजवळील कारी मोटर स्पीडवे आणि २०११ साली सुरू झालेले ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट उपलब्ध आहेत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत अथवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भारतातील खासगी मोटारगाडीच्या प्रचलित विमापत्रात संघटित शर्यत, वेगचाचणी आणि विश्वसनीयता चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. भारतीय विमापत्रातील हा अपवाद वेगापुरता मर्यादित नसल्याने, ‘ही शर्यत नाही’ एवढा युक्तिवाद येथील वाहनमालकास पुरेसा ठरत नाही. सहभागापूर्वी विमा कंपनीची लेखी संमती किंवा स्वतंत्र विमा आवश्यक ठरतो.

हेही पहा

• न्युर्बुर्गरिंग
• मिल्ले मिल्या
• टीएसडी रॅली
• मोटार वाहन अधिनियम, १९८८