जड मालही घसरतो : मालबांधणीविषयीचे गैरसमज

सांगवीहून नाशिक फाटा, भोसरी आणि मोशीमार्गे चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलादी कॉइल, साचे, यंत्रांचे सुटे भाग असा जड माल सतत वाहिला जातो. आणि जो माल क्रेनशिवाय जागचा हलत नाही तो हौद्यातही हलणार नाही, हा या मालाविषयीचा सर्वांत घातक गैरसमज होय. मालाला धरून ठेवणारे घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते हे खरे. पण ब्रेक लागताच मालाला पुढे रेटणारे जडत्व, म्हणजे चालू गती टिकवून धरण्याचा पदार्थाचा गुणधर्म, हेही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे तळ सारखाच असेल, तर ज्या ब्रेकला दहा किलोची पेटी घसरते त्याच ब्रेकला दहा टनांचा साचाही घसरतो.

मालबांधणीचे ईएन 12195-1 हे युरोपीय मानक पुढच्या दिशेने वजनाच्या 0.8 पट रेटा गृहीत धरते, म्हणजे 10 टनांच्या साच्यावर तो 8 टनांइतका होतो. घर्षण गुणांक, अर्थात घर्षणाचे वजनाशी असलेले प्रमाण, पोलादी तळावर 0.2 धरल्यास घर्षण केवळ 2 टन पेलते आणि उरलेले 6 टन साखळ्यांवर, बेल्टवर किंवा हौद्याच्या पुढच्या भिंतीवर येतात, साच्याखाली 0.6 गुणांकाची रबरी चटई असेल, तर हाच बोजा 2 टनांवर उतरतो. इतक्या साध्या वस्तूने एवढा फरक पडत असताना ती न वापरणे अक्षम्य आहे.

बेल्ट करकचून आवळला की काम झाले, हेही अर्धसत्यच आहे, कारण मालावरून टाकलेला बेल्ट त्याला मुख्यतः खाली दाबतो आणि तळाशी त्याचा कोन 30 अंशांचा असेल, तर ताणाचा निम्माच भाग दाबण्याच्या कामी येतो. म्हणून बुटक्या मालापुढे अडसर, कॉइलच्या दोन्ही बाजूंना उटी आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तपासणी आवश्यक ठरते. फोर्कलिफ्टच्या सोयीसाठी सारा भार फाळक्याजवळ ठेवल्यास पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड कमी होते.

जबाबदारी एकट्या चालकाची, हा समज कायद्यालाही मान्य नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार जादा भाराचे वाहन चालवणारा आणि ते चालवायला लावणारा, असे दोघेही दोषी ठरतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही.