झुरक्याचा हिशेब

म्हातारपणी माणसाचे बरेच सोबती सुटतात. दात जातात, दृष्टी मंदावते, बरोबरीची माणसे एकेक करून निघून जातात. पण विसाव्या वर्षी खिशात शिरलेली विडी वा सिगारेट सहसा हलत नाही. तिला घालवण्याचा सरकारी उपाय ठरलेला : कर वाढवावा. उपाय खोटा नव्हे. किंमत १० टक्क्यांनी वाढली, की आपल्यासारख्या देशांत खप सुमारे ५ टक्क्यांनी उतरतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु महागाई सगळ्या म्हाताऱ्यांना सारखीच महाग पडते काय?

आपला बुलढाणा जिल्हाच घ्या. खामगाव-चिखलीकडचे एखादे निवृत्त मास्तर डोळ्यांपुढे आणा. त्यांच्या निवृत्तिवेतनावर महागाईची वाढ मिळते. सिगारेट दोन रुपयांनी चढली, तर ते पानपट्टीवाल्याला चार शब्द सुनावतील आणि पाकीट घेऊन घरी येतील. भाव वाढला, पण मिळकतही वाढली. म्हणजे झुरका होता तिथेच राहिला.

आता लोणार-सिंदखेडराजाकडचे, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेले आजोबा पाहा. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये हीच त्यांची हक्काची मिळकत. रोज २० रुपये विडीकाडीत गेले असे धरले, तर महिन्याचे ६०० झाले. म्हणजे पाच भागांतले दोन भाग धुरात! इथे भाव वाढला की हात खरोखरच आखडतो. मात्र व्यसन पक्के असेल, तर तो आधी औषधाच्या पुडीवर आखडतो.

तिसरा वर्ग या हिशेबात येतच नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ तंबाखू ओढणारे आढळले. खाणारे, चघळणारे वा दातांना लावणारे २४.४ टक्के! मशेरी लावणाऱ्या आजीला सिगारेटच्या भावाचे काय सोयरसुतक? सिगारेट महागली की विडी, विडी महागली की चुना-तंबाखू, अशी ही उतरंड आहे. शिवाय शेगावच्या गजानन महाराजांच्या चिलमीचा दाखला देणारे आजोबा भेटतातच. महाराजांचे वैराग्य बाजूला ठेवून चिलीम तेवढी उचलायची, हा सौदा मोठा स्वस्तातला!

करांची गंमत पुढेच आहे. २०१७ साली जीएसटी आला, तेव्हा विडी आणि सिगारेट दोन्हींना दर २८ टक्के होता; सिगारेटवर उपकर वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटला ४० टक्के ठरवले आणि विडीला १८. विडी वळणाऱ्या गरीब हातांचा रोजगार जाऊ नये, हे त्यामागचे कारण सांगतात, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पण परिणाम असा, की भाववाढीने ज्याची सवय सुटण्याचा संभव अधिक, त्याच्याच हाती स्वस्त धूर राहतो. आणि विडी पानाची म्हणून सौम्य, हा निव्वळ भ्रम आहे.

“आता या वयात सोडून काय मिळणार?” असा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षे पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष निघाले, त्यांत त्याचे उत्तर आहे : साठीला सिगारेट सोडणाऱ्यालाही, न सोडणाऱ्याच्या मानाने, सरासरी तीन वर्षे अधिक मिळतात. तीन वर्षांत नातीचे लग्न पाहून होते, पणतूही मांडीवर येतो.

तेव्हा कर वाढो, अवश्य वाढो, आणि विडीवरही वाढो. पण त्यातला काही पैसा विडी कामगाराला दुसरा धंदा लावून देण्यात आणि तालुक्याच्या दवाखान्यात व्यसन सोडवणारा माणूस बसवण्यात जावा. तोवर १८००-११२-३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, तो आजोबांना लावून द्यावा. आणि एक पथ्य घरच्यांनी पाळावे : नातवाला विडी आणायला दुकानात धाडू नये. अठरा वर्षांखालच्या मुलाला ती विकणे गुन्हा आहेच. पण कायद्याचे राहू द्या, आजोबांची सवय पोराच्या पायांनी पुढच्या पिढीत चालत जाते, तिची किंमत कोणत्याच करात धरलेली नसते.