अंगठ्याजवळचं हाड खरंच 'वाढतं' का? चवड्याच्या दुखण्यावर ऑपरेशन कधी करतात?

बूट काढल्यावर अंगठ्याच्या मुळाशी लालसर उंचवटा दिसतो, अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकलेला असतो आणि चवडा ठणकत असतो. 'हाड वाढलंय' असं म्हणत अनेक जण हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात. पण बहुतेक वेळा हे हाड वाढलेलं नसतं, जागेवरून सरकलेलं असतं. म्हणूनच फक्त उंचवटा तासून काम भागत नाही.

नेमकं काय होतं?

बोटांच्या मागचा पावलाचा रुंद भाग म्हणजे चवडा. चालताना टाच उचलली की शरीराचा भार त्यावर येतो. चवड्यात पाच लांब हाडं असतात. त्यातलं अंगठ्यामागचं हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं आणि अंगठा उलट बाजूला वळतो. त्यामुळे सांधा बाहेर डोकावतो. यालाच 'बनियन' म्हणतात. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये हा कोन 15 अंशांपेक्षा जास्त असेल, तर अंगठा वाकडा झाला असं मानतात.

अंगठ्याने भार उचलला नाही, की तो दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागच्या हाडांवर पडतो. तिथे तळव्याला घट्टे पडतात. दुसऱ्या बोटाला जागा उरत नाही आणि ते मधल्या सांध्यात वाकतं. हा 'हॅमर टो'. वाकलेल्या बोटावर बूट घासून कुरूप होतं.

कारणं काय?

बनियनमागे बऱ्याचदा आनुवंशिकता असते. निमुळते बूट आणि उंच टाचांमुळे त्रास वाढतो. महिलांमध्ये तो जास्त आढळतो. संधिवातानेही बोटं वाकडी होतात. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये आग होत असेल किंवा बुटात खडा असल्यासारखं वाटत असेल, तर तिथली नस जाड झालेली असू शकते. याला 'मॉर्टन्स न्यूरोमा' म्हणतात.

ऑपरेशनआधी काय?

कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा आणि त्यावर बूट ठेवा. रेषा बुटाबाहेर दिसली, तर बूट अरुंद आहे. पुढून रुंद आणि कमी टाचेचे बूट, चवड्याखाली मऊ पॅड आणि गरजेप्रमाणे औषधं यांनी अनेकांचं दुखणं आटोक्यात येतं. मात्र पॅड किंवा पट्ट्यांनी मोठ्या माणसाचा अंगठा कायमचा सरळ होत नाही.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

बनियनमध्ये सहसा सरकलेलं हाड कापून जागेवर आणतात आणि स्क्रूने बसवतात. सांधा झिजलेला असेल तर तो जोडून टाकतात. हॅमर टोमध्ये वाकलेला सांधा सरळ करून काही आठवडे तार घालतात. न्यूरोमाची नस काढली, तर त्या बोटांमध्ये कायमचा बधिरपणा राहू शकतो.

बनियनच्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे खास बूट वापरावा लागतो. सूज जायला काही महिने लागतात. जंतुसंसर्ग, सांधा आखडणं, अंगठा पुन्हा वाकडा होणं हे धोकेही असतात. त्यामुळे पाय सुंदर दिसावा एवढ्यासाठी हे ऑपरेशन करू नये. बूट बदलूनही दुखणं थांबत नसेल आणि रोजचं चालणं अवघड झालं असेल, तरच त्याचा विचार करावा. धूम्रपानामुळे हाड जुळायला वेळ लागतो, हेही लक्षात ठेवावं.

मधुमेह असेल तर?

इथे दुखत नाही म्हणून गाफील राहणं महागात पडतं. संवेदना कमी झालेल्या पायाला वाकड्या बोटावरची जखम कळतच नाही. ती चिघळली तर बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा पायावरचं कुरूप ब्लेडने कापू नका, औषधी पट्टीही लावू नका. रोज रात्री पाय तपासा. लाली, फोड किंवा जखम दिसली तर थेट डॉक्टरांकडे जा.