दिवाळी अंक कानांनी वाचायचा तर

कृतीदेव या जुन्या फॉण्टमध्ये ‘भारत’ टाइप केलं की पडद्यावर भारतच दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र तिथे एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. डोळस माणसाचं त्यानं काही अडत नाही. अक्षराचं चित्र बरोबर उमटलं की झालं. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर चित्र बघत नाही, आतली अक्षरं वाचतो. त्यामुळे एखाद्या देखण्या दिवाळी अंकाची पीडीएफ उघडली की कानावर ‘एच के के जे आर’ छापाची बडबड आदळू लागते. मराठीत ही गत फक्त कृतीदेवची नाही. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारं युनिकोड येण्यापूर्वीच्या काळातले बहुतेक फॉण्ट याच युक्तीवर चालायचे आणि डीटीपीच्या दुकानांतून ते अजून हद्दपार झालेले नाहीत.

छापलेलं वाचून दाखवणारं यंत्र तसं जुनं. अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी ते १९७६ साली आणलं. गायक स्टीव्ही वंडर त्याच्या पहिल्या ग्राहकांपैकी. पुढे संगणक बोलू लागले, पण बोलके प्रोग्रॅम महाग. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला, जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र साथीला आला, आणि भारतातल्या असंख्य अंध विद्यार्थ्यांचं भाग्य उजळलं.

एनव्हीडीएबरोबर ई-स्पीक या बोलक्या प्रोग्रॅमचा मराठी आवाज मिळतो. तो कर्कश आहे, यंत्राचा आहे, आणि सराईत वाचकांना तोच हवा असतो! पुण्यातले एक अंध प्राध्यापक तो इतक्या वेगानं ऐकतात की शेजारी बसलेल्याला नुसती भुणभुण ऐकू येते. ते मात्र मध्येच थांबून दुसऱ्या ओळीतला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ दाखवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे नवे आवाज कानाला गोड, माणसासारखे. कथा ऐकायला उत्तम. पण कळ दाबल्यावर ते क्षणभर रेंगाळतात, आणि दिवसभर कळफलकावर काम करणाऱ्याला तो क्षण खुपतो. एका बाबतीत मात्र त्यांच्याकडून मोठी आशा आहे. ‘तू जग’ आणि ‘सारं जग’ यांतले दोन वेगळे ‘ज’ लिहिताना सारखेच दिसतात. कुठे कोणता उच्चारायचा हे ठरवायला वाक्य समजावं लागतं, निव्वळ नियमांनी भागत नाही.

खरी गंमत आहे ती छापील पान ओळखण्यात. रोमन अक्षरं सुटी असतात. एकेक कापून ओळखता येतं. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना एका दोरीत ओवते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरांची दाटी. जुन्या प्रोग्रॅमना आधी शिरोरेषा पुसून अक्षरं सोडवावी लागत, आणि तिथेच ‘घ’चा ‘ध’ होई. टेसरॅक्ट या मोफत प्रोग्रॅमच्या २०१८च्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क आलं. ते अक्षर कापत बसत नाही, अख्खी ओळ डावीकडून उजवीकडे चाळतं आणि आजूबाजूच्या संदर्भावरून अंदाज बांधतं. हिंदीच्या मजकुरावर पोसलेलं यंत्र मात्र ‘वाऱ्या’तल्या ऱ्यापाशी हमखास अडखळतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचा हा सारा ठेवा असा वाचायचा आहे. त्यात ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे जुने अनुस्वार, विटलेली शाई आणि पलीकडच्या पानाची उमटलेली अक्षरं. अंदाज बांधणारं यंत्र इथे शहाणपणा करतं, न ओळखलेल्या बोलीतल्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसवून मोकळं होतं. जुन्या यंत्राची चूक निदान चूक म्हणून ऐकू यायची. ही चूक सफाईदार असते.

हीच भीती फोनवरच्या नव्या सोयींबाबतही आहे. डेन्मार्कमध्ये जन्मलेलं ‘बी माय आइज’ हे ॲप २०१५पासून अंध व्यक्तीला व्हिडिओवरून डोळस स्वयंसेवकाशी जोडून देतं. २०२३मध्ये त्यात फोटोचं वर्णन करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली. कपड्याचा रंग, हॉटेलचं मेन्यूकार्ड, नातवाचा फोटो यांसाठी ती वरदान आहे. औषधाच्या पट्टीवरची तारीख मात्र माणसाकडूनच तपासून घ्यावी.

कायद्याची आडकाठी म्हणावी तर तीही नाही. २०१२च्या दुरुस्तीनं अपंगांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करायला कॉपीराइट कायद्यानंच वाट दिली. अंध वाचकांसाठीचा माराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ साली जगातला पहिला देश ठरला. २०१६पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. देवनागरीला तर युनिकोडमध्ये १९९१ सालीच, पहिल्या आवृत्तीत, जागा मिळाली. एवढं सगळं असताना, ताजा अंक आधी फॉण्टच्या कुलपात घालायचा आणि मग अंध वाचकानं तो कृत्रिम बुद्धिमत्तेकरवी फोडून घ्यायचा, हा उफराटा कारभार आहे.

तेव्हा संपादकांना एक विनंती. ग्राहकाला पीडीएफ पाठवण्याआधी तिच्यातलं एखादं वाक्य उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तिथे धड मराठी उमटलं नाही, तर डीटीपीवाल्याकडून मजकूर युनिकोडमध्ये मागा आणि पीडीएफच्या जोडीला ईपब किंवा साधी वर्ड फाइलही विकायला ठेवा. किंमत छापील अंकाएवढीच लावा. अंध वाचक फुकट मागत नाहीत.