दुसऱ्या हंगामाची परसबाग

शिर्डीत आज जिथे साईबाबांचे समाधिमंदिर आहे, तिथे एके काळी फुलांची बाग होती. दर्शनाच्या रांगेत उभे असणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या 'श्रीसाईसच्चरिता'च्या पाचव्या अध्यायात त्या बागेची हकिगत आहे. बाबांनी झेंडूची आणि जाई-जुईची रोपे राहात्याहून आणली, जागा साफ केली आणि ती स्वतः लावली. वामन तात्या नावाचे भक्त त्यांना रोज कच्च्या मातीचे दोन घडे देत. बाबा विहिरीचे पाणी खांद्यावरून वाहून झाडांना घालत आणि संध्याकाळी घडे लिंबाच्या बुंध्याशी ठेवत. न भाजलेले ते घडे फुटून जात, दुसऱ्या दिवशी नवे येत. हा क्रम तीन वर्षे चालला. चमत्कारांच्या गोष्टींमध्ये ही कष्टाची गोष्ट मागे पडते. मला तिच्यातले दोन तपशील मोलाचे वाटतात. रोपे शेजारच्या गावातून आली आणि बागेमागे तीन वर्षांचा रोजचा नेम होता. आज गावोगावी परसबागेच्या ज्या कार्यशाळा होतात, त्यांचे यश-अपयश याच दोन गोष्टींवर ठरते.

शिर्डी ज्यात येते तो राहाता तालुका पाहिला की इथे भाजीच्या बागेचे प्रशिक्षण कशाला हवे, असा प्रश्न कोणालाही पडेल. मूळचा हा पर्जन्यछायेचा, अवर्षणाचा मुलूख. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीचे कालवे आले, पुढे भंडारदऱ्याच्या पाण्याने प्रवरा खोरे भिजले आणि शेतीचे रूप पालटले. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० साली त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पणही शिर्डीतच झाले. ऊस, कांदा, डाळिंब, चिकू आणि राहात्याची ओळख बनलेला पेरू अशी या भागातली पिके. नगर-मनमाड रस्त्याने जाणारा प्रवासी इथले पेरू घेतल्याशिवाय पुढे जात नाही. हा पेरू बहुतेक 'सरदार' वाणाचा, म्हणजेच 'लखनौ-४९'. नाव लखनौचे असले, तरी त्याची निवड १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी केली.

इतकी हिरवाई असूनही शेतकऱ्याच्या घरची भाजी आठवडे बाजारातून येते, हे या बागायती पट्ट्याचे दुखणे आहे. उसाच्या सरीच्या कडेने कधी काळी चवळी, अंबाडी, भेंडी, डांगराचा वेल असायचा. बांधावर तूर, मळ्यात घरापुरती मिरची-कोथिंबीर असायची. एकच पीक, तणनाशक आणि अरुंद होत गेलेले बांध यांत ते सगळे गेले. तणनाशकाने तांदुळजा, घोळ, पाथरी, चिघळ या फुकटच्या रानभाज्याही मारल्या. याच तालुक्यातल्या पुणतांब्याहून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि दूध-भाजीची आवक थांबल्यावर शहरांची काय गत होते, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. ज्या गावांनी राज्याला भाजीची किंमत दाखवली, त्याच गावांतल्या घरांनी आपल्या ताटातल्या भाजीचा हिशोबही मांडायला हवा.

हिशोब साधा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि सुमारे १०० ग्रॅम फळे हवीत. पाच माणसांच्या घराला म्हणजे दिवसाला दोन किलो भाजी लागते. राहात्यातच काय, पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरातही ती रोज शिजत नसावी. परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. त्याआधीच्या सर्वेक्षणात हेच आकडे ४८ आणि ५३.८ होते. मधल्या काही वर्षांत चित्र सुधारायच्या ऐवजी बिघडले.

इथे पेरूकडे पुन्हा पाहावे लागते. पालेभाजीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही, सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते चांगले शोषले जाते. शंभर ग्रॅम पेरूत ते सुमारे दोनशे मिलिग्रॅम असते, संत्र्याच्या कितीतरी पट. म्हणजे मेथीची भाजी, बाजरीची भाकरी आणि जेवणानंतर चहाऐवजी पेरूची फोड हे राहात्यातल्या घराला सगळ्यात स्वस्तात परवडणारे औषध. चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, हे कार्यशाळेत सांगितले जाते. घरी गेल्यावर ते पाळले जात नाही.

परसबाग शिकवण्याच्या कामासाठी तालुक्यात एक भक्कम संस्था आहे. लोणीच्या प्रवरा परिवाराने १९९२ साली बाभळेश्वरला सुरू केलेले कृषी विज्ञान केंद्र. देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघाले, आज अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. भाषणापेक्षा हातांनी करून शिकायचे, हे त्यांचे मूळ सूत्र. परसबागेचा नमुना आता बहुतेकांच्या परिचयाचा झाला आहे. गुंठाभर जागा, मधे खताचा खड्डा, भोवती सात वाफे, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक. कुंपणाला शेवगा, कढीपत्ता, वाल आणि गिलक्याचा वेल, कोपऱ्यात पपई, लिंबू, एखादा पेरू, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी. 'उमेद' अभियानाने बचत गटांमार्फत 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम राज्यभर नेली, शाळांच्या आवारातही परसबागा आल्या.

अडचण लावण्यात कधीच नव्हती. मृगात बियांची पाकिटे वाटली जातात, फोटो निघतात, भाद्रपदात दोडके-भेंडीने टोपल्या भरतात. दसऱ्यानंतर वेल वाळतात, पाकीट संपलेले असते आणि पुढच्या वर्षी नव्या वाटपाची वाट पाहत जागा पडीक राहते. संकरित वाणाचे बी धरून पुन्हा लावले, तर पुढच्या पिढीत गुण फाटतात, झाडे एकसारखी येत नाहीत. म्हणजे पाकिटात संकरित बी असेल, तर आपण त्या घराला बाग दिली नाही, एका हंगामाची भाजी दिली. परसबागेच्या कार्यक्रमांचे मोजमाप पहिल्या हंगामात न करता दुसऱ्या हंगामात करावे, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या हंगामाचे बी घरातून निघाले का, एवढा एकच प्रश्न विचारावा.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात आहे. राहीबाई सोमा पोपेरे यांना आज सगळा देश 'बीजमाता' म्हणून ओळखतो. २०१८ साली बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव आले, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. नातू आजारी पडला, त्याचे कारण फवारणीच्या भाजीत आहे असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी घरच्या, गावच्या जुन्या वाणांचे बी गोळा करायला सुरुवात केली. पुढे 'बायफ' या संस्थेची साथ मिळाली. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उभारलेली ही संस्था. भात, वाल, नागली, वरई, कडधान्ये, तेलबिया अशा १७ पिकांचे ४३ स्थानिक वाण राहीबाईंनी जपल्याची नोंद झाली. वालाचेच किती प्रकार: रंग वेगळा, शेंगेची लांबी वेगळी, येण्याचा महिना वेगळा. २०१७ साली बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ त्यांच्या परसबागेत गेले, तेव्हा एका कुटुंबाची वर्षभराची आहाराची गरज ती बाग भागवू शकते, असे त्यांना दिसून आले.

ही भेट मला फार अर्थाची वाटते. बागायती तालुक्यातले तज्ज्ञ डोंगराळ तालुक्यातल्या आदिवासी शेतकरी बाईच्या बागेत गेले. शिकायला जायची दिशा एरवी उलटी असते. राहीबाईंच्या पद्धतीतला कणा देवघेवीत आहे. बी घ्यायचे, लावायचे, पिकले की परत करायचे आणि दुसऱ्याला द्यायचे. फुकट वाटलेल्या पाकिटाने घेणाऱ्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. परत करायच्या बियाण्याने ती येते.

बी धरणे ही विद्या मात्र शिकवावी लागते, कारण मधल्या दोन पिढ्यांत ती तुटली. वाल, चवळी, घेवडा, मेथी, टोमॅटो यांत परागीभवन बहुतेक त्याच फुलात होते. त्यांचे बी सोपे. सुरुवात इथूनच करावी. चांगले, निरोगी, मधल्या बहराचे फळ झाडावरच पूर्ण पिकू किंवा वाळू द्यायचे. शेवटी उरलेल्या किडक्या शेंगांचे बी ठेवायचे नाही. वेलवर्गाचे तसे नसते. मधमाशी शेजारच्या वेलावरून पराग आणते, वाण मिसळतात. तिथे उमलण्याआधीची मादी कळी, जिच्या देठाशी इवलेसे फळ दिसते ती, दोऱ्याने बांधायची. शेजारची नर कळीही बांधायची. दोन्ही उमलल्या की नराचा पराग मादीला लावून पुन्हा बांधायचे. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, डांगर आणि कारल्याची पहाटे, तेव्हा वेळ त्याप्रमाणे धरायची. पालकाचे पराग वाऱ्याने जातात, म्हणून गल्लीत एकाच घराने पालकाचे बी धरावे आणि सगळ्यांना द्यावे. शेजारपाजारच्या घरांनी मिळून बाग करण्याची खरी गरज इथेच पडते. एकट्या घराला सगळ्या भाज्यांचे शुद्ध बी ठेवणे जमणार नाही, दहा घरांना जमेल. बियाणे नीट वाळवून राखेत, कडुलिंबाच्या पाल्यासह मडक्यात ठेवण्याची आपली जुनी रीत आजही चालते. गावरान मिळत नसेल, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे सुधारित वाण आहेत. हिमांगी काकडी किंवा फुले ग्रीन गोल्ड कारली संकरित नाहीत, त्यांचेही बी धरता येते.

कार्यशाळेला कोणाला बोलवायचे, हाही मुद्दा हलका नाही. आज बोलावणे फक्त घरच्या बाईला जाते. म्हणजे धुणी-भांडी, दुभती जनावरे, मजुरी आणि त्यावर ही बाग. पाण्याची मोटर पुरुषाच्या हातात, जागा कोणती द्यायची हे सासऱ्यांच्या हातात आणि बियांची आठवण आजीच्या डोक्यात. सगळ्या घराला बोलावल्याशिवाय बाग टिकत नाही. आजीला ऐकायला न बसवता शिकवायला बसवावे. मुलांना एक वाफा पूर्ण द्यावा. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात १८६० च्या दशकात श्रेबर नावाच्या डॉक्टरांच्या नावाने पालकांनी मुलांसाठी मैदान तयार केले आणि एका शिक्षकाने त्याच्या कडेने मुलांसाठी वाफे पाडले. मुले कंटाळली, आईबाप वाफ्यांत उतरले आणि त्यातून घरोघरच्या बागांची चळवळ देशभर पसरली. आपल्याकडे शाळेच्या परसबागेची सुट्टीत होणारी आबाळ याच मार्गाने थांबेल, पालकांनी वाफे दत्तक घेतले तर.

जागा नाही, ही शिर्डी-राहात्यातल्या भाड्याच्या खोल्यांची अडचण खरी आहे. हॉटेलांत, लॉजवर, हार-प्रसादाच्या दुकानांत राबणाऱ्या कुटुंबांकडे गुंठा सोडाच, अंगणही नसते. त्यांच्यासाठी मुंबईचा दाखला आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ साली ओल्या कचऱ्यावर भाजी आणि फळझाडे उभी केली. पुढे त्यांच्या पुढाकाराने अनेक स्वयंसेवक गच्चीशेतीत उतरले. त्यामागचा विचार कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांचा. गणिताच्या या प्राध्यापकाने 'प्रयोग परिवार' उभा केला आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब सुखाने जगू शकते, हे हिशोबाने मांडले. मातीपेक्षा पालापाचोळ्याची भर जास्त, हे त्यांचे तंत्र गच्चीला वजनातही झेपते. शिर्डीत रोज जमणारा भाजीचा आणि फुलांचा ओला कचरा पाहिला, तर खताची ददात कुठल्याच गच्चीला पडू नये. मात्र हारांतली फुले फवारणीची असू शकतात, म्हणून त्यांचे खत आधी फुलझाडांना द्यावे.

तालुक्यातल्या जमिनीबद्दल एक इशारा हवा. कालव्याखाली वर्षानुवर्षे पाटाच्या पाण्याने भिजलेल्या काही जमिनी चिबड, क्षारपड झाल्या आहेत. अशा ठिकाणी गादीवाफे करावेत, भरपूर सेंद्रिय खत घालावे आणि पालक, बीट अशी क्षार सोसणारी पिके आधी घ्यावीत. तिथे घेवड्याचा हट्ट धरू नये.

बाभळेश्वरचे केंद्र, पंचायत समिती, नगरपरिषद, बचत गट आणि शाळा यांना माझी विनंती आहे. पाकिटे वाटताना संकरित बी देऊ नका आणि दिलेले बी पुढच्या वर्षी दुप्पट परत घ्या. दसऱ्याच्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस बियाण्यांच्या देवघेवीचा ठेवा. वाचकांना विनंती त्याहून लहान आहे. हा अंक हाती येईल ते दिवस मेथी, पालक, चुका, शेपू, कोथिंबीर पेरायचे आहेत. प्रत्येक वाफ्यातली चांगली चार-दोन रोपे उपटू नका, त्यांना फुलू द्या. फाल्गुनात त्यांचे बी काढा, निम्मे ठेवा आणि निम्मे शेजारच्या घरी द्या.