पडत्या काळांतील कर्णधार

‘असतील शितें तर जमतील भुतें’ ही म्हण आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. पदरीं चार पैसे आहेत तोंवर दारांत माणसांची वर्दळ असते; ते सरले कीं वाडा ओस पडतो. संसारांत ही म्हण पुष्कळदां खरी ठरते, आणि द्रव्यासाठीं खेळल्या जाणाऱ्या खेळांत तर ती बहुधा खरीच ठरते. ती जेथें खोटी ठरली असें एक उदाहरण उत्तर अमेरिकेंतील हॉकीच्या इतिहासांत आहे. शेन डोन हा खेळाडू एकवीस हंगाम एकाच संघाकडून खेळला, त्यांपैकीं चौदा वर्षें त्यानें त्या संघाचें नेतृत्व केलें, आणि संघाचें दिवाळें वाजलें तेव्हांही त्यानें त्याची साथ सोडली नाहीं.

हॉकी म्हटलें कीं भारतीय श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें मैदान, पांढरा चेंडू आणि ध्यानचंदांची मूर्ति उभी राहते. ही हॉकी निराळी. ती बर्फावर खेळतात. खेळाडूंच्या जोड्यांना तळाशीं पोलादाचीं धारदार पातीं बसविलेलीं असतात आणि त्यांवरून ते वाऱ्याच्या वेगानें घसरत जातात. दोन्ही बाजूंना गोलरक्षकासह सहा-सहा गडी असतात. चेंडूच्या जागीं कठीण रबराची काळी चकती असते. ती तीन इंच रुंद व एक इंच जाड. दोनशें फूट लांब आणि पंचायशीं फूट रुंद असें हें बर्फाचें अंगण चारी बाजूंनीं कठड्यानें बंदिस्त असतें. वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांत सामना संपतो. अंगावर अंग घालून प्रतिपक्ष्याला अडविणें हें येथें नियमाला धरूनच असतें. त्यामुळें या खेळांत माणसाचें शरीर लवकर झिजतें, आणि पस्तिशी उलटलेला खेळाडू म्हातारा समजला जातो.

या खेळाची तेथील सर्वांत मोठी संस्था नॅशनल हॉकी लीग. ती १९१७ सालीं स्थापन झाली. तिच्यांतील संघ हे गांवकऱ्यांनीं वर्गणी काढून चालविलेलें मंडळ नव्हे. प्रत्येक संघ ही एखाद्या धनिकाची मालमत्ता असते. तोटा होऊं लागला तर लीगच्या संमतीनें मालक तो संघ विकूं शकतो किंवा शेंकडों मैल दूरच्या शहरीं हलवूं शकतो. खेळाडूंचेंही तसेंच. करारांत तशी अट नसेल तर खेळाडूला न विचारतां त्याची दुसऱ्या संघाशीं अदलाबदल करतां येते. उलट करार संपला कीं जेथें अधिक द्रव्य किंवा अधिक यश दिसेल तेथें जावयास खेळाडू मोकळा असतो. तात्पर्य, या व्यवहारांत निष्ठेची अपेक्षा कोणी कोणाकडून करीत नाहीं. आणि म्हणूनच ती आढळली म्हणजे तिची परीक्षा नीट करतां येते.

शेन डोनचा जन्म १० ऑक्टोबर १९७६ रोजीं कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतांत झाला. तो हॅलकर्क या लहानशा गांवचा. १९९५ सालीं नवोदित खेळाडूंच्या निवडींत विनिपेग शहराच्या ‘जेट्स’ संघानें त्याला सातव्या क्रमांकावर निवडलें. परंतु तो आला तो संघाचा विनिपेगमधील अखेरचा हंगाम ठरला. तेथें खेळाडूंचीं वेतनें अमेरिकन डॉलरांत द्यावीं लागत, आणि तिकिटांचें उत्पन्न मात्र कॅनडाच्या हलक्या डॉलरांत होई. शहर मोठें नव्हतें आणि क्रीडागार जुनें होतें. हा मेळ बसेना. १९९६ सालीं संघ तेथून उठला आणि अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना राज्यांत फीनिक्स शहरीं गेला. तेथें त्याचें नांव ‘कायोटीज’ असें ठेवण्यांत आलें. कायोटी म्हणजे तिकडील कोल्ह्यासारखा एक रानटी प्राणी. गांवाचा संघ नाहींसा झाला म्हणजे गांवाला काय वाटतें, हें एकोणीस वर्षांच्या या मुलानें पहिल्याच वर्षीं पाहिलें.

फीनिक्स हें वाळवंटांतील शहर आहे. उन्हाळ्यांत तेथें पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो. अशा ठिकाणीं बर्फ राखण्याची युक्ति सोपी पण खर्चाची आहे. काँक्रीटच्या फरशींत नळ्यांचें जाळें पुरतात आणि त्यांतून अतिशय थंड केलेला द्रव सतत फिरवितात. फरशी गोठणबिंदूच्या खालीं गेली कीं तिच्यावर पाण्याचे पातळ थर एकामागून एक गोठवितात आणि सुमारें इंचभर जाडीचा बर्फ तयार करतात. बर्फ असा यंत्रानें करतां येतो. खेळाची आवड मात्र यंत्रानें करतां येत नाहीं. विनिपेगचें पोर हिवाळ्यांत गोठलेल्या तळ्यावर आपोआप हॉकी शिकतें. फीनिक्सच्या पोरानें ती कोठें पाहावी? तेथें हा खेळ लावावा लागला, आणि तो रुजावयास वर्षें लागणार होतीं.

तेवढा धीर मालकांच्या तिजोरींत नव्हता. पहिलें क्रीडागार वस्तुतः बास्केटबॉलसाठीं बांधलेलें. तेथील कित्येक बैठकांवरून एका टोकाचा गोल नीटसा दिसतही नसे. म्हणून डिसेंबर १९९९ नंतर चार वर्षांनीं, म्हणजे २००३ च्या डिसेंबरांत, संघ ग्लेंडेल या पश्चिमेकडील उपनगरांत नव्या क्रीडागारांत गेला. परंतु तिकिटें घेणारा वर्ग बराचसा शहराच्या पूर्वेकडे राहणारा. कामाच्या दिवशीं संध्याकाळीं एवढें अंतर तोडून सामन्याला येणें पुष्कळांना जमेना. बैठका रिकाम्या राहूं लागल्या. संघ हरत होता म्हणून माणसें येत नव्हतीं, आणि माणसें येत नव्हतीं म्हणून चांगले खेळाडू ठेवावयास पैसा नव्हता.

याच २००३ सालीं डोन कर्णधार झाला. बर्फावरील हॉकींत कर्णधाराच्या छातीवर ‘सी’ हें अक्षर शिवलेलें असतें, आणि नियमाच्या अर्थाविषयीं पंचाशीं बोलण्याचा अधिकार त्याला व त्याच्या साहाय्यकांनाच असतो. खेळाची आंखणी शिक्षक करतो. कर्णधाराचें खरें काम कपडे बदलण्याच्या खोलींत असतें. नव्या पोराला धीर देणें, पराभवानंतर वार्ताहरांपुढें स्वतः उभें राहणें, आणि जिंकण्याची आशा नसलेल्या सामन्यांतही पहिल्या मिनिटापासून अंग झोंकून देणें, हें तें काम. आपल्या भाषेंत कर्णधार म्हणजे सुकाणू धरणारा. तारूं कोणाच्या मालकीचें आहे, हें सुकाणू धरणाराच्या हातीं नसतें.

डोनचा खेळ सौम्य नव्हता. तो दांडगा गडी होता, आणि प्रतिपक्ष्याला नियमाबाहेर धडक दिल्याबद्दल सामन्यांना मुकण्याची शिक्षाही त्यानें एकाहून अधिक वेळां भोगली. परंतु लीगनें समाजसेवा आणि नेतृत्व यांसाठीं दिलेलीं पारितोषिकें २०१० व २०१२ सालीं त्यालाच मिळालीं.

मे २००९ मध्यें संघाच्या मालकानें न्यायालयांत दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅनडांतील एका उद्योगपतीनें संघ विकत घेऊन हॅमिल्टन शहरीं नेण्याची तयारी दाखविली. लीगनें तिला विरोध केला. न्यायालयांत महिनोन्महिने झगडा चालला आणि अखेरीस लीगनेंच संघ विकत घेतला. म्हणजे स्पर्धा भरविणारी संस्थाच एका स्पर्धकाची मालक झाली! तोटा भरून काढण्यासाठीं ग्लेंडेलच्या नगरपालिकेनें दोन वर्षें प्रत्येकीं अडीच कोटी डॉलर मोजले. खेळाडूंना मात्र पुढील वर्षीं आपण कोणत्या गांवीं असूं, हें सांगतां येत नव्हतें.

आश्चर्य असें कीं, याच अनाथ दशेंत संघ उत्तम खेळला. २००९-१० च्या हंगामांत त्यानें पन्नास सामने जिंकले. २०१२ सालीं त्यानें शिकागो आणि नॅशव्हिल या संघांना बाद फेरींत हरविलें. १९८७ नंतर या संघानें बाद फेरींतील एकही लढत जिंकली नव्हती. डोनच्या सोळा हंगामांतील तर हें पहिलेंच यश. पुढें लॉस एंजल्सच्या संघानें त्यांना रोखलें, आणि त्या वर्षींचा स्टॅन्ली चषकही त्याच संघानें नेला.

त्याच उन्हाळ्यांत डोनचा करार संपला. त्याचें वय पस्तीस झालें होतें. कांहीं बलाढ्य संघ त्याला घेण्यास उत्सुक होते. स्टॅन्ली चषक जिंकणाऱ्या खेळाडूंचीं नांवें त्या चषकावर कोरलीं जातात. हॉकीपटूच्या दृष्टीनें याहून मोठा सन्मान नाहीं, आणि डोनचें नांव त्यावर नव्हतें. दुसऱ्या संघांत गेला असता तर कदाचित् तें लागलें असतें. त्यानें वाट पाहिली. संघ अ‍ॅरिझोनांतच राहणार कीं नाहीं, एवढाच त्याचा प्रश्न होता. जुलै गेला, ऑगस्ट गेला; नवा मालक निश्चित होईना. अखेरीस सप्टेंबर २०१२ मध्यें, उत्तर पुरतें हातीं आलेलें नसतांच, त्यानें जुन्या संघाशीं चार वर्षांचा करार केला. जानेवारींत होऊं घातलेली खरेदी फिसकटली. पुढें २ जुलै २०१३ रोजीं ग्लेंडेलच्या नगरपालिकेनें नव्या मालकांशीं करार करण्याचा ठराव चार विरुद्ध तीन मतांनीं संमत केला, तेव्हां संघ तेथें राहिला. एक मत इकडचें तिकडे झालें असतें तर डोनच्या निष्ठेला गांवच उरलें नसतें.

येथें एक आक्षेप घेतां येईल, आणि तो घ्यावयासच हवा. या चार वर्षांसाठीं डोनला दोन कोटी बारा लक्ष डॉलर मिळावयाचे होते. एवढें वेतन घेणाराच्या निष्ठेचें कौतुक तें काय? आक्षेप खोटा नाहीं. डोन उपाशी राहिला नाहीं आणि त्यानें संन्यासही घेतला नाहीं. त्याचें घर, बायको आणि चार मुलें अ‍ॅरिझोनांत होतीं. राहण्यांत त्याचें सुखही होतें. परंतु धनवान् मनुष्याची परीक्षा धनानें होत नाहीं. ज्याला द्रव्य कोठेंही मिळणार होतें त्याच्यापाशीं सोडण्यासारखें एकच उरलें होतें, तें म्हणजे कीर्ति. ती त्यानें सोडली. करारानंतरच्या पांच हंगामांत संघ एकदांही बाद फेरींत पोहोंचला नाहीं.

मग ही निष्ठा होती तरी कोणाशीं? मालक अनेकदां बदलले. शिक्षक बदलले, सोबती बदलले, संघाचें नांवही बदललें. ३१ डिसेंबर २०१५ रोजीं डोननें संघाच्या इतिहासांतील सर्वाधिक गोलांचा विक्रम केला तो विनिपेगच्याच विरुद्ध. जुनेंच नांव धारण करणारा एक नवा संघ तोंवर तेथें आला होता. जें बदललें नाहीं तें एवढेंच: रिकाम्या बैठकांमध्यें बसून राहिलेले थोडे लोक, आणि दर वर्षीं येणारीं नवीं पोरें. या दोघांना ओळखीचा असा एक चेहरा हवा होता, आणि तो डोनचा होता.

या निष्ठेची परतफेड मात्र तशी झाली नाहीं. जून २०१७ मध्यें तत्कालीन मालकानें त्याला कळविलें कीं पुढचा करार होणार नाहीं. चाळिशींत आलेल्या डोननें दुसरा संघ धरला नाहीं. ऑगस्टच्या अखेरीस तेथील वर्तमानपत्रांत अ‍ॅरिझोनाच्या लोकांना पत्र लिहून त्यानें निवृत्ति जाहीर केली. त्याच्या नांवावर १५४० सामने आणि ४०२ गोल होते. स्टॅन्ली चषक एकही नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्यें संघानें त्याचा १९ हा अंक पुन्हां कोणाला न देण्याचें ठरवून त्याचा सन्मान केला.

पुढची कथा थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. २०२२ सालीं ग्लेंडेलचें क्रीडागार सुटलें आणि संघ टेंपी येथील विद्यापीठाच्या सुमारें पांच हजार बैठकांच्या क्रीडागारांत खेळूं लागला. २०२३ च्या मे महिन्यांत टेंपीच्या मतदारांनीं नव्या क्रीडागाराची योजना फेटाळली. एप्रिल २०२४ मध्यें अखेरचा सामना झाला आणि खेळाडू युटा राज्यांत सॉल्ट लेक सिटीला गेले. त्या अखेरच्या सामन्यांत डोनचा मुलगा जॉश खेळला. तीन आठवड्यांपूर्वींच तो संघांत आला होता, आणि पहिल्याच सामन्यांत त्यानें दोन गोल केले होते. त्याच्या पाठीवर ९१ हा अंक होता. बापाच्या अंकाचे आंकडे त्यानें उलटे मांडले होते.

तेव्हां डोनची निष्ठा वायां गेली काय? संघ टिकविणें हें तिचें फळ मानलें तर वायां गेली, असेंच म्हणावें लागेल. तारूं सुकाणवाल्याच्या हातांनीं बुडालें नव्हतें आणि त्याच्या हातांनीं तरणारही नव्हतें. परंतु वाळवंटांत खेळ रुजविणें हें फळ मानलें तर उत्तर निराळें येतें. अ‍ॅरिझोनांत वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज हा मुलगा लहानपणीं याच संघाचे सामने पाहत असे. २०१६ सालीं नवोदितांच्या निवडींत त्याचा पहिला क्रमांक लागला, आणि २०२४ सालीं तो टोरोंटोच्या जुन्या, नामांकित संघाचा कर्णधार झाला. ज्या गांवीं तळें गोठत नाहीं त्या गांवीं हॉकी शिकून पोरें मोठीं झालीं. त्यांच्या लहानपणीं त्या संघाचा कर्णधार एकच होता, आणि तो कोठेंही गेला नव्हता.