कापसाच्या गाठी, विमान आणि बिल्टी

मराठवाड्यातील व्यापारी वर्ग 26 एप्रिल 1993 हा दिवस सहसा विसरत नाही. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 मुंबईकडे निघाले. दिल्ली, जयपूर, उदयपूर करीत ते आले होते. आत 112 प्रवासी आणि 6 कर्मचारी होते. धावपट्टी जवळजवळ संपता संपता विमानाने जमीन सोडली आणि पट्टीच्या पलीकडच्या रस्त्याने चाललेल्या एका ट्रकला त्याची धडक बसली. ट्रकमध्ये कापसाच्या दाबलेल्या गाठी होत्या.

डाव्या बाजूची चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. रस्त्यापासून ती उंची होती अवघी सात फुटांच्या आसपास. गाठी भरलेला ट्रक ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको की माल याहून उंच जातो. विमान तसेच पुढे गेले, सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना धडकून जमिनीवर कोसळले. 55 जण दगावले, 63 वाचले.

विमान पूर्वेकडे, म्हणजे जालन्याच्या दिशेने तोंड करून उडाले होते. जालन्याहून प्रवासी विमानाची नियमित सेवा नाही. येथील बियाणे, लोखंड आणि कापसाचे व्यापारी साठ किलोमीटरवरचा चिकलठाणाच आपला विमानतळ मानतात. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या गाठीही याच परिसरातील रस्त्यांनी बाहेर जातात. त्यामुळे हा अपघात आमच्या बाजारपेठेला दोन्ही बाजूंनी लागू होतो. व्यापारी वर विमानात बसतो आणि त्याचा माल खाली रस्त्यावर असतो.

विमान उडते कसे, हे थोडक्यात पाहू. वजन जास्त असेल तर धाव लांब लागते. एप्रिलच्या उन्हात हवा विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते, इंजिनही थोडे मागे पडते. तेव्हाही धाव लांबते. समोरून वारा असला तर विमान लवकर उचलते, मागून असला तर उशिरा. आडव्या वाऱ्याचे झोत आले तर ते पट्टीवर सरळ ठेवण्यातच वैमानिकाचे निम्मे लक्ष जाते. त्या दिवशी भार मोठा होता आणि ऊन कडक होते. धावपट्टीही आजच्याहून आखूड होती. पुढे ती वाढविण्यात आली.

चौकशीत दोन कारणे नोंदविली गेली. पहिले, वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले. हे सर्वांच्या लक्षात राहिले. दुसरे कारण मात्र लोक विसरले: विमानांच्या वेळात बीड रस्त्यावरील वाहतूक आवरण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले. रेल्वे येण्याआधी फाटक पडते हे लहान पोरालाही ठाऊक आहे. विमानाच्या वाटेवर मात्र ट्रक बिनदिक्कत येऊ शकत होता. आमच्या मते या दुसऱ्या कारणाची चर्चा पहिल्याइतकीच व्हायला हवी होती. ट्रकवाल्याकडे बोट दाखविणे सोपे असते, पण चौकशीने दोष त्याच्यावर ठेवलेला नाही. हे प्राधिकरण 1995 साली भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झाले.

आता मालाकडे वळू. रस्त्याने माल पाठविताना विमा घेतला आहे, एवढ्यावर अनेकजण निर्धास्त असतात. पण कोणता विमा? देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात अ, ब आणि क अशी तीन प्रकारची कलमे असतात. सर्वात स्वस्त ‘क’ कलमात मुख्यतः आग आणि वीज एवढीच जोखीम येते. नुसत्या धडकेत गाठी विखुरल्या, चिखलात गेल्या तर हाती काही लागत नाही. ‘ब’ कलमात वाहनाची टक्कर आणि वाहन उलटणे येते. ‘अ’ सर्वात व्यापक, हप्ताही जास्त. कापूस पेट घेणारा माल म्हणून ‘क’ पुरेल असा हिशेब काही अडते करतात. तो आम्हाला पटत नाही.

ट्रान्सपोर्टवाला भरून देईल, हाही भ्रम आहे. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालील नियमांनुसार, जास्त जोखमीचा दर ठरवून घेतला नसेल तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. समजा भाडे 20,000 रुपये. तर जास्तीत जास्त 2 लाख. एक गाठ साधारण 170 किलोची, अशा शंभर गाठींचा माल आजच्या भावाने 20 लाखांच्या पुढे जातो. शिवाय बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस दिली नाही तर दावाच उभा राहत नाही. विमा कंपनीने पैसे दिले तरी तिला पुढे दोषी पक्षाकडून वसुली करायची असते, म्हणून ती नोटीस आणि बिल्टीची प्रत मागते.

गोदामाचे वेगळे आहे. आगीच्या प्रचलित पॉलिसीत विमानामुळे होणारे नुकसान पूर्वीपासून समाविष्ट असे. 1 एप्रिल 2021 पासून लहान उद्योगांसाठी आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या पॉलिसींतही बाहेरील वस्तूच्या धडकेची जोखीम येते. जिनिंगवाल्यांनी यासाठी वेगळा हप्ता मागणाऱ्या एजंटाला पॉलिसीतील ती ओळ दाखवायला सांगावी.